पैसा की माणसं? तुम्ही विचारलंत म्हणून

सुखासाठी पैसा मोठा की जवळची माणसं, हे मला इतक्या वेळा विचारलं जातं की विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते आता आधीच कळतं. "शेवटी माणसंच हो," एवढंच हवं असतं. फक्त त्यावर या विषयात मुरलेल्या कुणाचा तरी शिक्का हवा असतो. तो शिक्का मी बरीच वर्षं मारून दिला. आता देत नाही, तर म्हणतात, तुम्ही पैशाची बाजू घेता. बाजू घेतलेली नाही. मी जे सांगत होते त्यातलं अर्धं चूक होतं, आणि ते नेमकं कुठे चुकलं हे एकदा सविस्तर सांगायला हवं.

मी सांगायचे तो आकडा म्हणजे ७५ हजार डॉलर. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांची छाननी करून मांडलं, की वर्षाची मिळकत साधारण ७५ हजार डॉलर होईपर्यंत रोजचं मन हलकं होत जातं, त्यापुढे होत नाही. किती सोयीचं! रेषेच्या अलीकडे पैसा, पलीकडे माणसं. त्याच निबंधात हेही लिहिलं होतं, की शिडीच्या दहा पायऱ्यांपैकी तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे असं विचारलं, तर उत्तर ७५ हजारांनंतरही वर सरकतच राहतं. ते मी वाचलेलं होतं. सांगताना गाळत होते, कारण त्याने सांगण्याची धार जायची.

खरी मेख मात्र प्रश्नांतच होती. लोकांना विचारलेलं असं: काल तुम्ही खूप हसलात का? कालचा बराच वेळ आनंदात गेला का? काळजी वाटली का? उत्तर फक्त हो किंवा नाही. ज्याचं बऱ्यापैकी चाललंय तो "हो" म्हणून मोकळा होतो, आणि त्याहून कितीतरी आनंदात असलेलाही "हो"च म्हणतो. दोघांतला फरक कागदावर उमटतच नाही. ताप मोजायचा थर्मामीटर ताप उतरला एवढं सांगतो, अंगात ताकद किती आली ते सांगत नाही, तसं झालं. ७५ हजारांपुढे सपाट झालेली आलेखावरची ती रेषा सुखाची नव्हतीच, दुःख कुठपर्यंत उतरतं त्याची होती.

२०२१ मध्ये सुखावरच संशोधन करणारे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी वेगळी पद्धत वापरली. ३३,३९१ नोकरदार अमेरिकी माणसांच्या फोनवर दिवसात मधूनच विचारणा यायची: आत्ता, या क्षणी कसं वाटतंय? उत्तर द्यायचं ते "फार वाईट" पासून "फार छान" पर्यंतच्या सलग पट्टीवर. सतरा लाखांहून जास्त नोंदी झाल्या आणि रेषा कुठेच सपाट होईना. मग वाद घालत बसण्याऐवजी कानेमान आणि किलिंग्जवर्थ यांनी मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन आकडे एकत्र पुन्हा तपासले. २०२३ मध्ये निघालं ते असं: सगळ्यात दुःखी अशा सुमारे २० टक्के लोकांत रेषा एक लाख डॉलरच्या आसपास थबकते, बाकीच्यांची चढतच राहते. अर्थात चढ बारीक आहे, आणि मिळकतीच्या दर दुपटीला साधारण तेवढाच. पण आहे.

या निकालापाशी मी अडले, ती अजून अडलेलीच आहे. त्या २० टक्क्यांचं दुःख पैशाने एका टप्प्यापर्यंत हटतं. नंतर जे उरतं ते मोडलेल्या मनाचं, जवळचं माणूस गेल्याचं, नैराश्याच्या आजाराचं असावं, असा त्या तिघांचा अंदाज. पूर्वीची मी इथे लगेच म्हणाली असती, बघा, आलो ना माणसांवरच! पण २०१० च्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो कुणी सांगत नाही: घटस्फोट, आजारपण, एकटेपण यांचा घाव कमी मिळकतीच्या माणसाला जास्त खोल लागतो. वेगळं व्हायचं तर दुसरं घर लागतं. घरच्याच्या उशाशी बसायचं तर पगारी रजा लागते. दुःख करायलाही चार दिवस सवड लागते, आणि ती फुकट मिळत नाही. ज्याच्याकडे ती नाही त्याला "पैशात काय आहे" असं ऐकवणं मला आता क्रूर वाटतं. मी ते ऐकवलेलं आहे.

"असतील शिते तर जमतील भुते" हे आपण पैसेवाल्याभोवतीच्या माणसांबद्दल म्हणतो. "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही" हेही आपणच म्हणतो. पहिली म्हण सांगणाऱ्याला दुसरी कधी आठवत नाही, एवढीच माझी तक्रार.

माणसांच्या बाजूचा पुरावा मी नाकारत नाही. २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा प्रसंगागणिक हिशेब लिहिला. सगळ्यात वर होते शारीरिक जवळिकीचे क्षण, सगळ्यात खाली सकाळचा कामावर जायचा प्रवास. हार्वर्ड विद्यापीठ १९३८ पासून त्याच लोकांची आयुष्यभर विचारपूस करत आलंय, त्या अभ्यासात पन्नाशीत आपल्या नात्यांवर समाधानी असलेले लोक ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. सुरुवातीचे ते ७२४ जण सगळे पुरुषच होते, आणि तब्येतीने बरा असलेल्याचीच नाती बरी टिकतात असंही असू शकतं. हे दोन्ही धरून वाचा.

जवळिकीचाही लोक लगेच हप्ता बांधायला बघतात. आठवड्यातून किती वेळा, हे विचारणारे पुष्कळ. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात जोडप्यांचं समाधान आठवड्यातून एकदापर्यंत वाढत गेलं, पुढे नाही. त्याआधी २०१५ मध्ये ६४ जोडप्यांपैकी काहींना संबंध दुप्पट करायला सांगितलं होतं. त्यांनी प्रमाण वाढवलं, आणि त्यांचं मन उलट किंचित खालावलं. इच्छाही कमी झाली. सांगितलेलं काम म्हणून केलं की तिथली ओढच जाते. मोजायचंच असेल तर दुसरं मोजा. एकजण खिडकीपाशी उभं राहून म्हणतो, "अगं, हे बघ ना." दुसरी फोनमधून मान वर न करता "हं" म्हणते. तो पुन्हा म्हणत नाही. दिवसाकाठी असे किती "बघ ना" वाया जातात ते मोजा.

आणि पैशाचं बोलणं करा, कारण जवळीक बहुतेकदा तिथेच अडकलेली असते. आठवड्याचा एक वार ठरवा, अर्धा तास, दोघं थकलेले नसताना. रात्री झोपताना मुळीच नाही. पहिली दहा मिनिटं फक्त आकडे: शिल्लक, येणी, हप्ते, पुढच्या महिन्यात अचानक येणारा खर्च. या दहा मिनिटांत "का" हा शब्द नको. "एवढं का खर्चलंस" पहिल्या मिनिटाला आलं की पुढचे आकडे खोटे येतात. लपवलेलं कर्ज असेल तर ते पहिल्याच बैठकीत सांगायचं. नंतर कळलं तर कर्जाची रक्कम मागे पडते आणि लपवणं तेवढं उरतं. दोघांना थोडी रक्कम अशी हवी जिचा हिशेब कुणी मागणार नाही, आणि न कमावणाऱ्यालाही कमावणाऱ्याइतकीच. ही अट लोक सगळ्यात आधी मोडतात. दर वेळी हात पसरावा लागला की त्या हाताला जवळ यावंसं वाटत नाही.

राहिला एक पोटप्रश्न: पगार दुप्पट, पण रोज तीन तासांचा प्रवास, घ्यावी का नोकरी? हप्ते थकले असतील तर घ्या, मी दुसरं काही सांगणार नाही. थकले नसतील, तर दोन वर्षांची मुदत घालून घ्या म्हणते. पण दोन वर्षांत खर्च नव्या पगाराएवढे वाढतात आणि मुदत पुढे जाते. म्हणून वाढलेल्या रकमेचा निम्मा भाग पहिल्याच महिन्यापासून वेगळ्या खात्यात वळवायला सांगते, म्हणजे परतायची वाट मोकळी राहते. काहींना ते जमतं. ज्यांना जमत नाही त्यांना मी तेव्हाच "घेऊ नका" म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.