ब्रन्सन थांबतो तेव्हा

जून २०१८ मधला सोमवार. गुरुवारी, २१ तारखेला, ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट होता (त्यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) आणि आमच्या शिकागोच्या ऑफिसात कुणाला धड जेवायलाही सवड नव्हती. आमची छोटी कंपनी संघांना कॉलेजच्या खेळाडूंचे अहवाल करून द्यायची. माझ्याकडे चार गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत नेणारे खेळाडू, होते: ओक्लाहोमाचा ट्रे यंग, अलाबामाचा कॉलिन सेक्स्टन, केंटकीचा शे गिल्जस-अलेक्झांडर आणि व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन. चार वाजेपर्यंत त्यांचा क्रम लावून द्यायचा होता.

यंगला पहिला ठेवताना मी क्षणभरही थांबलो नाही. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पोराने देशात सर्वाधिक गुण केले आणि सर्वाधिक असिस्टही, म्हणजे दुसऱ्याला गुण करून देणारे पासही, दिले. एकाच मोसमात हे दोन्ही त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. सामन्यामागे २७.४ गुण, ८.७ असिस्ट. हातून चेंडू जायचाही पुष्कळ, सामन्यात पाचेक वेळा. पण सगळा संघ एकाच्या खांद्यावर असला की ते व्हायचंच. मी आधी फ्री थ्रो बघतो, म्हणजे फाउलनंतर कुणाच्या अडथळ्याशिवाय मारायचे फटके. कॉलेजची तीन गुणांची रेषा तेव्हा २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. तीन फूट मागे सरकल्यावर हात टिकेल का, याचा अंदाज फ्री थ्रोवरून चांगला येतो. यंगचे ८६ टक्के होते.

सेक्स्टन दुसरा, आणि तो एका सामन्यामुळे. नोव्हेंबर २०१७, मिनेसोटाविरुद्ध. मैदानात बाचाबाची झाली, अलाबामाचे बाकावरचे खेळाडू आत धावले आणि पंचांनी सगळा बाक बाहेर काढला. पुढे एकाचे फाउल भरले आणि तो बाहेर गेला, एक जखमी झाला आणि शेवटची दहाएक मिनिटं अलाबामा तिघांनिशी खेळली. तिघं विरुद्ध पाच! सेक्स्टनने ४० गुण केले. हरले ते, पण फक्त पाच गुणांनी. ती फिल्म मी किती वेळा पाहिली असेल, देव जाणे.

गिल्जस-अलेक्झांडर तिसरा. उंची साडेसहा फूट आणि पसरलेल्या हातांचं माप सात फुटांच्या जवळ. एनबीएत बचाव करणारा कुणाला न अडवता बास्केटखाली तीन सेकंदांहून जास्त उभा राहू शकत नाही; कॉलेजमध्ये हा नियम नाही, त्यामुळे बास्केटखाली गर्दी कायम. तिथेही हा हळूच, तिरका घुसायचा.

ब्रन्सन शेवटी. वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तो, दोनदा राष्ट्रीय विजेता, तीन वर्षांत पदवी हातात. पण माझ्या तक्त्यात वयाच्या रकान्यात २१ होते, उंची बेताची, उडी बेताची. बाकीचे तिघं एकेकच वर्ष खेळून आलेले, अजून वाढायचे होते. ब्रन्सन जेवढा व्हायचा तेवढा झालाय, असं मी अहवालात लिहिलंसुद्धा.

आमच्याकडे एक जुने स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे, होते. साठी ओलांडलेले, अर्धं आयुष्य छोट्या कॉलेजांत शिकवण्यात गेलेलं. सगळे त्यांना कोच म्हणत. त्यांनी माझं पान वाचलं आणि एवढंच विचारलं, “ब्रन्सन थांबतो तेव्हा समोरचा कुठे असतो?”

मला सांगता येईना.

“आवाज बंद कर आणि बघ. चेंडूकडे नको, पायांकडे.”

मी क्लिपा लावल्या. डावखुरा ब्रन्सन आत शिरतो, खांदा समोरच्याच्या छातीला लागतो आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकतात. थांबला. समोरच्याला तो थांबणार हे कळत नाही, त्याचं वजन पुढेच जात राहतं. मग ब्रन्सन चेंडू किंचित वर उचलतो, नजरही वर. समोरचा उडतो. ब्रन्सन एका पायावर फिरून त्याच्याखालून निघतो आणि सावकाश चेंडू टाकतो. पुढची क्लिप, वेगळा संघ, समोर अर्धा फूट जास्त उंच गडी, तेच. पुढची, तेच. सुरुवातीला मोजत होतो, नंतर सोडून दिलं. नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर आमचे सर आम्हाला तासभर नुसतं दोन पायांवर थांबायला लावायचे आणि आम्ही कंटाळून जायचो, ते आठवलं. वेग आणि उडी मोजायला शिकागोत यंत्रं होती. असं थांबणं मोजणारा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, आणि या थांबण्याचा वयाशी काडीचाही संबंध नव्हता.

साडेतीन वाजले होते. मी “जेवढा व्हायचा तेवढा झालाय” हे वाक्य खोडलं, पायांबद्दल दोन ओळी घातल्या. क्रम मात्र बदलला नाही. हिंमत झाली नाही. वयाचा आकडा समोर दिसत होता आणि पायांचा आकडा माझ्याकडे नव्हता.

गुरुवारी रात्री यंग पाचवा गेला, सेक्स्टन आठवा, गिल्जस-अलेक्झांडर अकरावा. पहिल्या फेरीची तीसही नावं संपली. ब्रन्सनला डॅलसने ३३ वा घेतला, म्हणजे दुसऱ्या फेरीत, जिथे करार पक्का मिळेलच असं नसतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२२ मध्ये ब्रन्सन न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या निक्स संघाचा कणा झाला. मी तिसरा ठेवलेला गिल्जस-अलेक्झांडर २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ओक्लाहोमा सिटीला त्याने विजेतेपदही मिळवून दिलं. तोही थांबूनच मारतो, हे मला फार उशिरा दिसलं.

त्या सोमवारी कोचनी अहवाल पुन्हा वाचला. माझ्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली, ब्रन्सनच्या नावापासून वरच्या दिशेने एक बाण काढला आणि कागद परत माझ्या टेबलावर ठेवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.