ग्वाल्हेर संस्थानच्या तिकिटांवरचा छाप पारखताना

ग्वाल्हेरच्या तिकिटांत दुर्मीळ असतो तो बहुतेक वेळा छाप, तिकीट नव्हे. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानचं नाव इंग्रजीत आणि हिंदीत वरून छापलं जाई, तोच हा छाप. १८९५ पासून सरकारी टपालासाठी फक्त हिंदी छाप आला, खाली ‘सर्विस’. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांतून निघालेली पाकिटं मी याच नजरेने पाहतो.

आधी तिकीट पाकिटावर असेल तर तसंच ठेवतो, सोडवत नाही. सुटं असेल तर चिमट्याने उचलून उलटं करतो आणि काळ्या ताटलीत पेट्रोलियम बेन्झिनचे दोन-तीन थेंब टाकतो, म्हणजे कागदातलं जलचिन्ह (वॉटरमार्क) दिसतं. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. पाचव्या जॉर्जच्या तिकिटाच्या जलचिन्हात एकच तारा दिसला तर ते लंडनच्या डी ला रू कंपनीच्या छपाईचं, अनेक तारे दिसले तर १९२६ नंतरचं नाशिकचं. फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेल्या तिकिटाला मात्र बेन्झिन लावू नये, शाई सुटते.

मग मोजमाप. राणी व्हिक्टोरियाच्या तिकिटांवर हिंदी नावाची लांबी दोन प्रकारची सापडते: १३ ते १४ मिमी आणि १५ ते १५.५ मिमी. साध्या पट्टीने हा फरक हमखास चुकतो, कारण जाड रेघ कुठे धरायची हेच ठरत नाही. मी १२०० डीपीआयला स्कॅन करतो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. १ मिमीला सुमारे ४७ पिक्सेल येतात. म्हणजे १३ मिमीला ६१४, १५ मिमीला ७०९. पट्टीचं माप जुळलं नाही तर स्कॅन रद्द. आकडा आधी वहीत लिहितो, कॅटलॉग नंतर उघडतो. उलट केलं की डोळ्याला हवं तेच माप दिसतं.

इंग्रजी नावात ‘ओ’च्या जागी ‘सी’, लहान ‘जी’, लहान किंवा उंच ‘आर’ असे प्रकार नोंदलेले आहेत. सगळ्यात जास्त फसवतो तो ‘सी’. कमी शाई लागलेला ‘ओ’ उजवीकडे फुटतो आणि थेट ‘सी’ वाटतो. १० पटींच्या भिंगाखाली पाहावं: खऱ्या ‘सी’ची टोकं नीट कापलेली असतात, फुटक्या ‘ओ’ची दातेरी, आणि मोकळ्या जागेत शाईचे ठिपके उरलेले असतात. ब्लेडने खरवडलं असेल तर दिवा बाजूने तिरका धरल्यावर कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात. ‘सर्विस’ छापातही अक्षरं उलटसुलट झालेल्या किंवा एक अक्षर गळालेल्या चुका आहेत. देवनागरी न वाचणाऱ्याच्या हातून त्या सहज निसटतात, म्हणून आपण तरी प्रत्येक तिकीट अक्षर लावून वाचायला हवं.

नकली छाप ओळखायला सर्वांत खात्रीची जागा म्हणजे छाप आणि टपाल शिक्का एकमेकांना छेदतात तो बिंदू. आधी छाप, मग टपालाचा शिक्का, हाच खरा क्रम. शिक्क्याच्या रेघेवरून अक्षर गेलेलं दिसलं तर छाप नंतर मारलेला. दोन्ही काळे असले की ३० पटींचं भिंग लागतं, आणि तिरक्या उजेडात कोणती शाई वर चकाकते ते पाहावं लागतं. घाई केली तर निकाल चुकतो. छेद नसेल तर शिक्क्यातलं गाव वाचतो: लष्कर, मुरार, उज्जैन, भिंड, मंदसौर ही संस्थानातली. इंदूरचा शिक्का असेल तर संशय घ्यावा, ते होळकरांचं. तारीखही पाहतो, १८८५ च्या आधीच्या शिक्क्याचं ग्वाल्हेर तिकीट असूच शकत नाही.

एवढं झाल्यावरही मोठ्या किमतीचं तिकीट तज्ज्ञ समितीच्या प्रमाणपत्राशिवाय घेत नाही, आणि तिकडे पाठवताना वहीतली मापं आणि स्कॅन सोबत जोडतो.