तुम्ही विचारलंत म्हणून: सूक्तांतल्या ताऱ्यांवरून वेदांचा काळ निघतो का?

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. सुरुवात संक्रांतीपासून होते: उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागलं, मग संक्रांत १४ जानेवारीला कशी? आणि मग पुढचा प्रश्न: वेदांत आकाशाची इतकी वर्णनं आहेत, तर त्यांवरून वेदांचा काळ काढता येतो का?

निघतो तो निरीक्षणाचा काळ. त्या निरीक्षणाचं वचन ग्रंथात कधी आलं, हे आकाश सांगत नाही.

दोन्ही प्रश्नांचं मूळ अयनचलनात आहे. पृथ्वीचा अक्ष डुलतो, त्यामुळे संपात (सूर्य आकाशातलं विषुववृत्त ओलांडतो ती जागा) आणि अयनबिंदू (तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळतो ती जागा) सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतात. एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला. ते ओलांडायला साधारण ९५५ वर्षं लागतात. संक्रांत ताऱ्यांना बांधलेली, अयन ऋतूंना. इ.स. २८५च्या सुमारास दोन्ही एका दिवशी होती, आता चोवीस दिवसांचं अंतर पडलंय.

घरी करून बघा. आपल्या सोलापूरचंच दाते पंचांग उघडा आणि २२ डिसेंबरला सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहा. मूळ सापडेल. वेदांग ज्योतिष हा जुना ज्योतिषग्रंथ म्हणतो, 'प्रपद्येते श्रविष्ठादौ सूर्याचन्द्रमसावुदक्': धनिष्ठेच्या आरंभी सूर्य-चंद्र उत्तरेकडे वळतात. मूळाचे उरलेले साडेसात अंश, अधिक पूर्वाषाढा, उत्तराषाढा, श्रवण यांचे चाळीस. साडेसत्तेचाळीस अंशांची सुमारे ३४०० वर्षं होतात, म्हणजे इ.स.पू. १४००च्या आसपास.

हिशेब सोपा आहे, पण इथेच थांबलात तर फसाल. नक्षत्रं मोजायला चित्रा ताऱ्यावरून ठरवलेल्या (चित्रापक्ष) आरंभबिंदूऐवजी रेवती ताऱ्यावरून ठरवलेला (रेवतीपक्ष) धरला की चारेक अंश इकडचे तिकडे होतात, तीनशे वर्षं गेली. शिवाय अयनाच्या आगेमागे पाच दिवस सूर्योदयाची जागा सूर्यबिंबाच्या पाव भागाइतकीही हलत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाच दिवसांची चूक सहज होते आणि पाच दिवस म्हणजे साडेतीनशे वर्षं.

दुसरं वचन शतपथ ब्राह्मणातलं, भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी पुढे आणलेलं: 'एता ह वै प्राच्यै दिशो न च्यवन्ते'. कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत. आकाशातल्या विषुववृत्तावरचा तारा पृथ्वीवर कुठूनही बरोबर पूर्वेलाच उगवतो, म्हणून ही खूण मोलाची. आज सोलापुरातून पाहिलं तर कृत्तिका पूर्वबिंदूच्या २५ अंश उत्तरेला उगवतात. हात लांब करून धरलेल्या अडीच मुठी. त्या ठीक पूर्वेला उगवायच्या इ.स.पू. २९५०च्या सुमारास.

याच ठिकाणी पुष्कळ लेखांत घोळ होतो. कृत्तिकांपाशी वसंतसंपात होता इ.स.पू. २३००च्या सुमारास. कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या ताऱ्यांमधल्या वाटेच्या, चार अंश वर आहेत, त्यामुळे 'संपातावर' आणि 'ठीक पूर्वेला' यांत साडेसहाशे वर्षांचा फरक पडतो. शतपथ दिशा सांगतं, संपात नव्हे. क्षितिजालगतच्या धुरकट हवेत कृत्तिका दोन-तीन अंश वर आल्याशिवाय दिसत नाहीत. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावर तीन अंश चढेपर्यंत त्या पावणेदोन अंश दक्षिणेला कललेल्या असतात. तिथे एका अंशाची किंमत दीडशेहून अधिक वर्षं. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत तपासणार असाल तर इ.स.पू. ३०००साठी वर्ष -२९९९ टाका; त्यात शून्य हे वर्ष धरलेलं असतं.

ऋग्वेदाच्या सूक्तांत मात्र असं मोजता येणारं वचन फार थोडं. बारा पाळ्या आणि ३६० खुंट्यांचं चक्र (१.१६४.४८) आहे, वरुणाला ठाऊक असलेला तेरावा महिना (१.२५.८) आहे. हे वर्षगणनेचं पक्कं ज्ञान आहे, त्याचा आदर वाटावा असं. पण त्यातून तारीख निघत नाही. लोकमान्यांनी १८९३ साली 'ओरायन'मध्ये संपात मृगशीर्षात धरून इ.स.पू. ४०००पर्यंत मजल मारली. गणित चोख आहे. पण त्यांनी आधाराला घेतलेल्या वृषाकपीच्या सूक्तात (१०.८६) संपाताचं नाव नाही, तो अर्थ लावून काढावा लागतो. तारीख त्या अर्थाची असते, आणि अर्थ बदलला की तीही बदलते.

सर्वात जास्त दावे होतात ते अत्री-स्वर्भानूच्या सूक्तावरून (५.४०). सूर्य अंधारानं झाकला गेला आणि अत्रींनी तो शोधला, हे ग्रहणाचं वर्णन मानायला हरकत नाही. पण कोणत्याही एका जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा होतंच, त्यामुळे मोठ्या प्रदेशासाठी हजारेक वर्षांत उमेदवार भरपूर मिळतात. त्यात पृथ्वीचं परिवलन मंदावत आलंय. इ.स.पू. २०००साठी ही घड्याळाची दुरुस्ती, डेल्टा टी, बारा तासांहून जास्त आहे. तिच्यात अर्ध्या तासाची चूक झाली तर ग्रहणाचा पट्टा साडेसात अंश रेखांश, म्हणजे पंजाबच्या अक्षांशावर सातशेहून अधिक किलोमीटर सरकतो. कुणी या सूक्तावरून नेमकी तारीख सांगितली, तर त्याला दोन गोष्टी विचारा: डेल्टा टी किती धरला, आणि बाकीची ग्रहणं कशामुळे गाळली.