पॅड बदलले आणि मागचा ब्रेक धरून राहायला लागला

माझ्या मोटरसायकलचे मागचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल मी घरीच बदललं. काम दोन तासांचं होतं, पण ते खऱ्या अर्थाने संपायला तीन दिवस लागले. पॅड चांगले होते, ऑइलही चांगलं होतं. गडबड झाली होती ती मी सगळ्यात शेवटी जिथे हात घातला तिथे.

कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग, उतरवला, त्यातले पिस्टन आत ढकलले, नवे पॅड बसवले. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं, ते कॅलिपरवरच्या निपलमधून (ऑइल आणि हवा काढायच्या छोट्या तोंडातून) काढून नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल भरलं. पण पेडल मऊच लागत होतं. दोन-तीनदा पंप केलं की वर यायचं, जरा थांबलं की पुन्हा खाली. लाइनमध्ये हवा राहिली की असंच होतं, हे मला माहीत होतं. पण अंधार पडत आला होता. पुन्हा एअर काढत बसण्याऐवजी मी मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल कॅलिपरकडे ढकलणाऱ्या पंपाच्या) पुशरॉडचा, म्हणजे पेडलने त्याचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याचा, लॉक नट सैल केला आणि रॉड दोन आटे लांब केला. पेडल लगेच वरच्या वर धरायला लागलं, म्हणून हत्यारं आवरली. ते काम त्या संध्याकाळी अर्धवट ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा-बारा किलोमीटर गेलो असेन. गाडी जड वाटायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी थांबायची. मग जळका वास आला. बाजूला घेऊन मेन स्टँडवर लावली, तर मागचं चाक हाताने हलेना. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब डिस्कवर टाकला, चुर्र करून उडाला. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर हेच चाक जाम झालं असतं, या विचाराने पोटात गोळा आला. पाऊण तास तिथेच बसून राहिलो. डिस्क गार झाली आणि चाक आपोआप मोकळं झालं.

गार झाल्यावर सुटतंय, हाच मोठा धागा होता. पिस्टन गंजून अडकला असता किंवा कॅलिपरच्या पिना सुकल्या असत्या तर चाक असं आपणहून सुटलं नसतं. म्हणजे आत दाब कोंडत होता. कुठे कोंडतोय, ते शोधायचं होतं.

तिसऱ्या दिवशी पाने, फडकं आणि डोळ्यांना चष्मा घेऊन मोकळ्या रस्त्यावर हळू निघालो. ब्रेक धरायला लागल्याबरोबर थांबलो. अशा वेळी वरून खाली यायचं. आधी मास्टर सिलेंडरचे दोन माउंटिंग बोल्ट सैल करायचे. तेवढ्याने चाक सुटलं तर पुशरॉड पिस्टनला दाबून धरतोय. नाही सुटलं तर मास्टर सिलेंडरवरचा होजचा (कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा) बोल्ट फडकं धरून किंचित सैल करायचा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलेंडरच्या आत. तिथेही नाही आणि कॅलिपरचा निपल उघडल्यावरच सुटलं, तर होज आतून फुगून बंद झाला आहे. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर मग कॅलिपर खोलायचा. निपल किंवा होज उघडताना चेहरा लांब ठेवा, कारण ऑइल जोरात उडतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

मला पहिल्याच पायरीवर उत्तर मिळालं. बोल्ट दोन-दोन आटे सोडले आणि चाक फिरायला लागलं.

मास्टर सिलेंडरमध्ये ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडं राहतं, आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून टाकीत परत जातं. मी रॉड लांब केल्यामुळे पिस्टन कायम थोडा पुढे राहत होता आणि छिद्र झाकलं जात होतं. ऑइल तापलं की दाब वाढायचा, दाबाने पॅड आणखी घासायचे, त्याने ऑइल आणखी तापायचं.

रॉड पुन्हा आखूड केला. दोन बोटांत धरून हलवला की साधारण एक मिलिमीटर मोकळा लागेल इतका प्ले ठेवला. पेडल अर्थातच पुन्हा मऊ झालं. मूळ दुखणं तिथेच होतं ना!

या वेळी कॅलिपर नीट बघितला. माझ्या गाडीत तो बसवलेला असताना निपल सगळ्यात वर येत नाही, त्यामुळे हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते. कॅलिपर उतरवला, पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घातली आणि निपल वर येईल असा धरला. धाकटा भाऊ पेडलपाशी बसला. दाबून धर, मी निपल उघडतो, बंद करतो, मगच सोड. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पारदर्शक नळीतून वाटाण्याएवढा बुडबुडा सरकत गेला. मग पुढच्या दाबाला भाऊ म्हणाला, "दादा, आता कडक लागतंय."

तापलेलं ऑइल तसंच ठेवलं नाही, सगळं नवं भरलं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. पॅडवर काचेसारखी चकाकी आली होती, ती सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून काढली. पिस्टनचे सील बघितले, गळती नव्हती.

मग पंधरा किलोमीटर फिरून आलो, दर दोन-तीन किलोमीटरला थांबून. घरी आल्यावर स्टँडवर लावून चाकाला हाताने एक झटका दिला. पॅडचा हलका सर्र आवाज करत ते तीन फेरे फिरलं.