फिगरपासून फळीपर्यंत: आमची वाटचाल

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी प्राचीन काळातली छोट्या पुतळ्यांची, म्हणजे फिगरची, सैन्ये रंगवून, बेसवर (पायाखालच्या सपाट तुकड्यावर) बसवून, खेळायला तयार करून देणे हे आमचे काम. ग्रीक, मॅसेडोनियन, पर्शियन, कार्थेजियन, रोमन आणि प्राचीन भारतीय. मध्ययुगात आम्ही शिरत नाही. सुरुवातीला सगळा भर फिगरवर असायचा: चेहरा, चिलखताचे खवले, पट्ट्याची बक्कल. पुढे वेळेची वाटणी बदलत गेली आणि आज मोठा वाटा ढाल आणि बेस यांच्याकडे जातो. टेबलावरचे सैन्य हातभर अंतरावरून पाहिले जाते. तिथून बुबुळे दिसत नाहीत. ढालींची रांग, भाल्यांची दिशा आणि पायाखालची जमीन दिसते. साधारण 15 मिमी उंचीच्या फिगरचे डोळे आम्ही रंगवत नाही. कुणी आग्रह धरला तरी एकदा समजावून पाहतोच.

पहिली कामे धातूची, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाच्या फिगरची. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेली पावडर अंगावर राहिली तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही, म्हणून आधी भांड्याच्या साबणाने धुणे. मग साच्याच्या सांध्याची रेघ घासून काढणे. ती शिरस्त्राणाच्या तुऱ्यावरून खांद्यावर उतरते आणि नुसत्या डोळ्यांना फारशी जाणवत नाही. पण वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, मारला की तो रेघेच्या दोन्ही कडांना साचतो आणि रेघ जखमेच्या व्रणासारखी दिसू लागते. कानस ओली ठेवून घासायची, म्हणजे शिशाची धूळ उडत नाही.

धातूचे ओतीव भाले आम्ही लवकरच बंद केले. मऊ धातू वाकतो, सरळ करताना रंगाचे टवके उडतात आणि दोन-चार वेळा वाकला की तुटतो. त्याऐवजी स्टीलची तार: 15 मिमीला 0.5 मिमी जाडीची, 28 मिमीला 0.8. मॅसेडोनियन सारिसा भाला साधारण 5 ते 6 मीटरचा. 28 मिमीची फिगर 1:56 धरली तर तार 90 ते 107 मिमी येते, 15 मिमीला 1:110 धरून 45 ते 55. मुठीला भोक पाडताना आधी सुईने खळगी करावी, नाहीतर ड्रिल घसरून बोटे फोडते. तारेचे टोक कानशीने बोथट करायचे, कारण खेळताना हात त्यावरच पडतो. गुळगुळीत तारेवरचा रंग सोलून निघतो, म्हणून प्रायमरआधी बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. पुढे 28 मिमीचे प्लास्टिक आणि मग थ्रीडी प्रिंटचे रेझिन आले, तरी तारेचा नियम टिकला. रेझिनचा भाला तर वाकतही नाही, थेट मोडतो. रेझिनची वेगळी खोड म्हणजे नीट न धुतलेला, अर्धवट पक्का झालेला पृष्ठभाग. त्यावर प्रायमर कायम चिकट राहतो.

रंगकामाबद्दल थोडक्यात. 2019 नंतर एकाच हातात छाया आणि उजेड देणारे पातळ रंग रूढ झाले. घोड्यांना आणि कातड्याला ते उत्तम. मोठ्या सपाट ढालीवर मात्र डाग पडतात, आणि अशा काही रंगांचा वाळलेला थर वरून ओला ब्रश फिरला की पुन्हा सुटतो. धातुरंगाच्या ब्रशला पाण्याचा वेगळा पेला हवा. नाहीतर चकाकीचे कण पुढच्या अंगरख्यावर जाऊन बसतात आणि निघता निघत नाहीत.

पांढरे सुती कपडे हा प्राचीन भारतीय सैन्याचा कळीचा भाग. थेट पांढरा मारला तर फिगर खडूची वाटते. फिकट खाकी-करड्यापासून सुरुवात, त्यावर किंचित मळका पांढरा, आणि शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या माथ्यावर. सिकंदराचा नौदलप्रमुख नियार्कस याच्या आधारे ग्रीक इतिहासकार एरियन सांगतो की भारतीय लोक दाढ्या रंगवत: कुणाची पांढरीशुभ्र, कुणाची गडद निळी, तांबडी, जांभळी, हिरवी. पोरसच्या सैन्यात दर पाच-सहा धनुर्धाऱ्यांमागे अशी एक दाढी ठेवली तर पांढऱ्या रांगेला जीव येतो. सगळ्यांच्या रंगवल्या तर जत्रा होते. पोरसच्या हत्तींवर बुरूज बसवायला आम्ही नकार देतो. बुरूज पुढच्या, सिकंदराच्या वारसांच्या काळात शोभतात. हत्तीचा रंग मात्र नुसता करडा नको. आशियाई हत्तीच्या कानांच्या कडा आणि सोंडेचा वरचा भाग गुलाबीसर ठिपक्यांचा असतो.

ढाली फिगरपासून वेगळ्या रंगवतो. ग्रीकांची अस्पिस ही गोल ढाल सुमारे 90 सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे 28 मिमीच्या फिगरला 16 मिमी. चार ढाली शेजारीशेजारी 64 मिमी होतात आणि बऱ्याच नियमावल्यांतल्या बेसची रुंदी 60 मिमीच असते. त्यामुळे एकाआड एक फिगर मिलिमीटरभर मागे घेऊन ढाली एकमेकींवर चढवाव्या लागतात. हे गोंद लावण्याआधी कोरडे मांडून पाहायचे. तयार चित्राचे ट्रान्सफर लावताना खाली पांढरा थर आणि ग्लॉस (चकचकीत) वॉर्निश हवेच, नाहीतर पातळ फिल्मच्या कडेने रुपेरी झाक उरते.

आता बेस, जिथे आमचे सर्वाधिक डोके चालते. डीबीए या युद्धखेळाच्या नियमावलीत 15 मिमीचे जड पायदळ 40 बाय 15 मिमीच्या बेसवर चार फिगर असे बसते. हत्तीला 40 बाय 40. एमडीएफ 2 मिमीचे घेतले की पुट्टीचा ओला थर वाळताना आकसतो, कडा वर ओढतो आणि बेस केळीच्या पानासारखा वळतो. उपाय तीन: 3 मिमी जाडी, दोन्ही बाजूंना आधी वॉर्निश, आणि एकाच जाड थराऐवजी दोन पातळ थर. प्रत्येक फिगरखाली तिची स्वतःची मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड चकती असते. ती पुट्टीने आजूबाजूशी समपातळीत आणली नाही तर सैनिक नाण्यांवर उभे असल्यासारखे दिसतात. पुट्टीत तपकिरी अॅक्रिलिक रंग आणि थोडा पांढरा लाकूडगोंद आधीच मिसळायचा. मग टवका उडाला तरी खालून पांढरे डोकावत नाही, आणि दाट फळीत जिथे ब्रश पोहोचत नाही तिथेही जमीन जमिनीच्याच रंगाची राहते.

वाळू चाळून घ्यायची. 2 मिमीचा खडा 15 मिमीच्या सैनिकाजवळ वीतभर धोंडा होतो. समुद्राची वाळू असेल तर धुऊन वाळवायची, मीठ ओल धरते. वाळूवर गडद तपकिरी, मग दोन फिकट छटांचा ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणे. गवताची काडी 15 मिमीला 2 मिमी, 28 मिमीला 4 मिमी. लांब गवतात पायच बुडतात. वॉर्निशचा क्रम ठरलेला: आधी टिकाऊपणासाठी ग्लॉस, वर बिनचमकीचा मॅट, आणि गवत सगळ्यात शेवटी. मॅटची बाटली खूप हलवावी लागते, कारण चमक मारणारी भुकटी तळाला बसते. दमट हवेत स्प्रे मारला की पांढरे धुके धरते. बहुतेकदा ग्लॉसचा एक पातळ थर ते घालवतो; मग कोरडी हवा बघून पुन्हा मॅट.

अलीकडे जुनी सैन्ये नव्या बेसवर बसवण्याची कामे वाढली आहेत. लाकूडगोंद कोमट पाण्यात सुटतो. सुपरग्लू असेल तर बेस फ्रीझरमध्ये ठेवून पातळ पात्याने उचकटायचा, थंडीने गोंद ठिसूळ होतो. जास्त शिशाच्या जुन्या फिगरवर पांढरी भुकटी दिसली तर आम्ही त्या बाजूला काढतो आणि हातमोजे घालूनच हाताळतो. ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटातली आम्लाची वाफ हे त्याचे नेहमीचे कारण, त्यामुळे कपाट बदलल्याशिवाय नवा रंग देण्यात अर्थ नसतो.

प्रत्येक सैन्याची नोंद आम्ही ठेवतो: जमिनीच्या तिन्ही छटा, पुट्टीचे प्रमाण, बेसच्या कडेचा रंग, गवताची लांबी. काही वर्षांनी दोन तुकड्या वाढवायच्या झाल्या तर जुन्यांशेजारी त्या उपऱ्या वाटत नाहीत. दुसऱ्याकडून रंगवलेल्या सैन्यात भर घालायची असेल तर फोटोवर काम होत नाही, त्यातला एक बेस पाठवावा लागतो. सोबत नियमावली, बेसची रुंदी-खोली, दर बेसवरच्या फिगर आणि डब्यात लोखंडी पत्रा आहे की चुंबकी शीट एवढे कळवावे, कारण त्यावरून बेसच्या तळाला काय चिकटवायचे ते ठरते. धातूच्या हत्तीला पातळ चुंबकी शीट पुरत नाही. त्याच्या बेसमध्ये आम्ही गोल चुंबक बसवतो, म्हणून त्याच्या डब्यात पत्राच हवा.