चलन छापणारा जुना राउटर

काकांच्या टॉवेलच्या युनिटमध्ये कॉम्प्युटर तीन आणि प्रिंटर एक, तोही हिशेबनिसांच्या केबिनमध्ये. सहाला केबिनला कुलूप. टेम्पो मात्र सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सातनंतरच भरायला लागतात, आणि मालासोबत चलन (मालाची यादी) छापून द्यायचं असतं. काका नवा प्रिंटर घ्यायला निघाले होते. मला आठवलं, घरी माळ्यावर टीपी-लिंकचा डब्ल्यूडीआर ४३०० राउटर पडून आहे. १२८ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि मागे चक्क दोन यूएसबी पोर्ट. म्हणजे प्रिंटर केबिनबाहेर त्यालाच लावायचा आणि नेटवर्कवरून छापायचं.

त्यासाठी राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सची मोफत सिस्टिम चढवली; ते सोपं गेलं. पहिल्यांदा ‘फॅक्टरी’ नावाची फाइल लागते, ‘सिसअपग्रेड’ची (ती आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तेव्हाची) नाही; ती राउटरच्याच अपग्रेडच्या पानावरून टाकली. नंतर वायफाय बंद असतं, म्हणून लॅनची वायर काढू नका. १९२.१६८.१.१ वर गेलो, पासवर्ड ठेवला, झालं.

प्रिंटरसाठी दोनच पॅकेजं लागली: यूएसबी प्रिंटरचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सला प्रिंटर ओळखता यावा म्हणून जोडायचा तुकडा, आणि पी९१०एनडी. हा दुसरा प्रोग्राम नेटवर्कच्या ९१०० पोर्टवर आलेला मजकूर जसाच्या तसा प्रिंटरकडे ढकलतो. ड्रायव्हर विंडोजमध्येच राहतो. प्रिंटर उचलून डिस्पॅचच्या टेबलावर आणला, चलन पाठवलं. काहीच नाही.

आमचा प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, त्याच्या पोटात राहत नाही. दर वेळी वीज आली की कॉम्प्युटरनं ते त्याला भरवायचं. इतकी वर्षं विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करत होता. आता ते काम राउटरचं. लॅपटॉपवर फू२झेडजेएस (अशा प्रिंटरांचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) वापरून फर्मवेअरची फाइल तयार केली, राउटरवर ठेवली आणि प्रिंटर दिसला की ती /डेव्ह/यूएसबी/एलपी० मध्ये, म्हणजे लिनक्समधल्या प्रिंटरच्या पत्त्यावर, ओतायची, अशी हॉटप्लगची (उपकरण जोडलं की आपोआप चालणारी) स्क्रिप्ट लिहिली. चलन निघालं. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं, जणू नोट खरी की खोटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, आली, आणि विंडोज म्हणे छापलं, पण कागद काही हलेना. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. काका आत आले, “काय बे, तुझा डबा झोपला काय?”

संध्याकाळी एसएसएचनं (दुरून कमांड देण्याच्या सोयीनं) राउटरच्या आत शिरून एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड मारली. एलपी० च्या ओळीत पहिलं अक्षर ‘सी’, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, हवं होतं, तिथे नुसती आडवी रेघ. म्हणजे ते डिव्हाइस नव्हतंच, साधी फाइल होती! माझी स्क्रिप्ट घाईची. डिव्हाइस तयार व्हायच्या आधीच तिनं फर्मवेअर ओतलं, आणि त्या नावाचं काही नसल्यामुळे लिनक्सनं निमूटपणे त्या नावाची फाइल बनवून दिली. पुढची सगळी चलनं त्या फाइलमध्ये, म्हणजे रॅममध्ये जाऊन पडली. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या: दोन सेकंद थांब, आणि एलपी० खरंच कॅरेक्टर डिव्हाइस असेल तरच ओत. ही चूक शोधायला दीड तास गेला. मधे हिशेबनीसकाकांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी संपली, ते वेगळं.

दुसऱ्या पोर्टला टॅलीच्या बॅकअपसाठी जुनी अडीच इंची हार्ड डिस्क लावली. विंडोजला ती डिस्क नेटवर्कवरून दिसावी म्हणून लागणारा सांबा हा प्रोग्राम ८ एमबीत मावत नाही, म्हणून डिस्कच्याच एका पार्टिशनवर एक्स्ट्रूट केलं, म्हणजे राउटरची साठवण तिथे वाढवली. पण डिस्क कधी दिसायची, कधी नुसती टक्‌टक् करायची. मी फाइल सिस्टिमवर संशय घेऊन दोनदा फॉरमॅट मारला. दोष विजेचा होता. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब मधे घातला, टक्‌टक् गेली.

आता लाइट आली की प्रिंटर एकदा घुर्र करतो, मग काही सेकंद शांत, मग फर्मवेअर पोचलं की पुन्हा घुर्र. हे डिस्पॅचच्या सगळ्यांना पाठ झालंय. दुसरं घुर्र ऐकू येईपर्यंत कोणी चलन पाठवत नाही.