नौपाडा ते खारघर: तीन घरं, तीन जीवाश्म

जीवाश्मांचे संग्रह बघायचे तर जुलैत बघावेत. कोणाचं कपाट खरोखर कोरडं आहे आणि कोणाचं नुसतं देखणं, ते याच दिवसांत कळतं. म्हणून धो धो पावसाचा रविवार निवडला. ठाण्यातून निघून नवी मुंबईतून खाली खारघरपर्यंत तीन घरं करायची होती. तिघांनाही आधीच फोन करून सांगितलं होतं की सगळा संग्रह मांडू नका, सगळ्यात लाडका असेल तो एकच नमुना काढून ठेवा.

हे तिन्ही संग्रह बाहेरून आलेले असणार हे ठरलेलंच होतं. ठाण्यात कुठेही पाया खणा, काळा पाषाण लागतो. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास थरावर थर ओतलेला लाव्हा आहे तो, आणि लाव्ह्यात जीव टिकत नाही, जळून जातो. जीवाश्म हवा तर गाळ हवा. तो मिळतो दूर कच्छात किंवा विदर्भात, नाहीतर लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये कुठेतरी अडकलेला.

पहिलं घर नौपाड्यात, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काकांच्या कपाटाला बारा उथळ खण आहेत. प्रत्येक खणात पांढरा फोम, आणि प्रत्येक नमुन्याच्या आकाराचा त्यात खड्डा कोरलेला. हा फोम पॉलिइथिलीनचा हवा. सोफ्यातला पिवळा फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो, त्याचा भुगा दगडाला लागतो आणि मग निघत नाही.

टेबलावर मऊ टॉवेल अंथरून ठेवला होता आणि त्यावर कच्छचा अमोनाइट, म्हणजे केव्हाच नामशेष झालेल्या, वेटोळ्या कवचाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म. तळहातभर, तपकिरी-लालसर, पॉलिश केलेला नाही. शेजारच्या खणात मादागास्करचे चकचकीत कापलेले अमोनाइट होते, पण लाडका हा. “दोन्ही हातांनी धरा, आणि टॉवेलच्या वरच धरा,” एवढं सांगून त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. टॉर्च वरून नाही मारायचा. दगडाच्या पातळीला जवळजवळ आडवा धरायचा, म्हणजे कण्यासारख्या उठलेल्या कडांच्या सावल्या पडतात आणि जे सपाट वाटत होतं ते सगळं उठून दिसतं.

हा नमुना धोसा उलाइट नावाच्या थरातला आहे. भुजजवळच्या धोसा गावावरून नाव पडलेला हा थर चारी शैलसमूहाच्या अगदी माथ्यावर येतो, वय सुमारे १६ कोटी वर्षं. दहापट भिंगातून पाहिलं की अमोनाइटच्या वेटोळ्यांच्या मधल्या खाचेत खसखशीसारखे गोल, लोहमिश्रित दाणे दिसतात. तेच उलाइट. विकणारा ‘कच्छचा’ म्हणतो आणि खाचेत काळी माती किंवा राखाडी चुनखडी दिसते, तर तो कच्छातल्या वेगळ्या थरातला असेल किंवा कच्छचाच नसेल, पण धोसा उलाइटचा नक्की नाही. या थरातून आणि त्याच्या खालच्या थरांतून आलेल्या अमोनाइटांवर विल्हेल्म वागेन यांचा मोठा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७३ ते १८७५ या काळात छापला होता. काकांनी त्यातल्या चित्रांच्या छायाप्रती काढून खणाच्या तळाशी ठेवल्या आहेत, नमुना आणि चित्र शेजारी शेजारी.

या नमुन्यावर शिंपला उरलेलाच नाही. आतल्या कप्प्यांत भरलेला गाळ दगड झाला आणि बाहेरचं कवच विरघळून गेलं. म्हणूनच त्याच्यावर शिवणी दिसतात: कप्प्याची भिंत कवचाला जिथे चिकटली होती तिथली नक्षी, कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी चिरलेली. अमोनाइट आणि नॉटिलस (त्याचा आजही समुद्रात असलेला, तशाच वेटोळ्या कवचाचा नातेवाईक) यांतला फरक इथेच पकडायचा. नॉटिलसची शिवण साधी, एका वळणाची. आणि त्याच्या कप्प्यांना जोडणारी नळी मधोमध जाते. अमोनाइटची नळी बाहेरच्या कडेने जाते.

शाळिग्रामाचा विषय निघणारच होता. काकांच्या देवघरात काली गंडकीच्या पात्रातला एक आहे, काळा, अर्धा फुटलेला, आत चक्र. तोही अमोनाइटच, हिमालयातल्या काळ्या शेलच्या, म्हणजे चिखलाच्या दगडाच्या, गोळ्यात बसलेला. बाजारात कोरलेले शाळिग्राम पुष्कळ येतात, आणि ओळखायची खूण तीच: खऱ्या चक्रात कडा बाहेरच्या वेढ्याकडे मोठ्या होत जातात, खोली बदलते, कुठेतरी शिवणीची नक्षी निसटती दिसते. कोरलेल्या चक्राची खाच सगळीकडे सारख्याच खोलीची असते आणि भिंगाखाली तिच्यात हत्याराचे समांतर ओरखडे सापडतात. पूजेतल्या शाळिग्रामावर कसलीही रासायनिक चाचणी करायची नाही, हा काकांचा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

स्वच्छतेसाठी त्यांच्याकडे मऊ टूथब्रश, बांबूची टोकदार काडी आणि ऊर्ध्वपातित पाणी, एवढंच. व्हिनेगर अजिबात नाही. चुन्याच्या दगडात बसलेला चुन्याचाच जीवाश्म आम्लात टाकला की दोन्ही एकाच वेगाने विरघळतात. रात्रभर बुडवून ठेवलेला अमोनाइट सकाळी बिनकडांचा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत निघतो. आम्ल वापरायचंच असेल तर ते जीवाश्म सिलिकाचा (म्हणजे गारगोटीच्या द्रव्याचा) आणि दगड चुन्याचा असेल तेव्हा, आणि तेही आधी त्याच दगडाच्या वेगळ्या तुकड्यावर एक थेंब टाकून.

शेवटच्या खणात नमुने नाहीत, हवाबंद डबे आहेत. त्यांत इंग्लंडच्या चार्मथ किनाऱ्यावरचे सोनेरी अमोनाइट, म्हणजे पायराइट (लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज) झालेले. मुंबई-ठाण्याच्या हवेत सगळ्यात आधी हेच मरतात. पायराइट, प्राणवायू आणि ओल एकत्र आले की लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया जोर धरते, आणि जुलैत आपल्याकडे ती ८० च्या खाली क्वचित येते. पहिली खूण म्हणजे फटीत पांढरी-पिवळट भुकटी, दुसरी आंबूस वास, तिसरी नमुन्याखालची कागदी चिठ्ठी तपकिरी होऊन तुटायला लागणं. पाण्याने धुणं ही सर्वात मोठी चूक, कारण त्याने आग विझत नाही, तिला तेल मिळतं. भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची, नमुना वेगळा काढायचा आणि कोरड्या डब्यात बंद करायचा.

काकांचं प्रमाण असं: पाच लिटरच्या डब्यात १५० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत, आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० च्या वर गेला की जेल बदलायची. रंग बदलणारी नारिंगी जेल घ्यावी, ओली झाली की हिरवी होते. निळी जेलही मिळते, पण तिच्यात कोबाल्ट असतं, मुलं असलेल्या घरात नको. भिजलेली जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवली की पुन्हा कोरडी. पुरचुंडीसकट ठेवू नये, स्टीलच्या ताटात पसरावी. आणि गरम जेल डब्यात टाकू नये. पूर्ण थंड होऊ द्यावी, पण झाकून.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी धरली. डाव्या खिडकीला पारसिकच्या डोंगराची रांग येते, मध्ये मध्ये जुन्या खाणींनी कापलेली, कापलेल्या जागी लाव्ह्याचे आडवे थर उघडे पडलेले. पावसात ते ओले झाले की थरांमधल्या सीमा जास्त स्वच्छ दिसतात. कोपरखैरण्याला उतरलो.

इथल्या बाई भूगोल शिकवायच्या. त्यांनी काढून ठेवलेला नमुना आगपेटीपेक्षा मोठा नव्हता. नागपूरकडच्या चर्टचा, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडाचा, तुकडा, राखाडी-करडा, एका बाजूने घासून चकचकीत केलेला, आणि त्यात सात-आठ गोगलगायी. फायसा प्रिन्सेपाय, गोड्या पाण्यातली.

लाव्ह्याचा एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत हजारो वर्षं जायची. त्या अवधीत खळग्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची, त्यांत शेवाळ, गोगलगायी, मासे, बेडूक. मग वरून नवा लाव्हा. तळ्याचा गाळ दोन थरांत बंद झाला आणि बऱ्याच ठिकाणी सिलिका झिरपून चर्ट बनला. याला आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूरच्या थरांतले असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा करून जगापुढे आणले. मुंबईतही हे थर आहेत: वरळीच्या थरातला चिमुकला बेडूक रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये वर्णिला, आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. मुंबईतल्याच आंबोलीतून आलेल्या कासवाला २००१ मध्ये संकुकेमिस हे नाव मिळालं.

फायसा ओळखायची रीत बाईंनी मोठी छान सांगितली. गोगलगायीचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड डाव्या हाताला आलं तर डावी. बहुतेक गोगलगायी उजव्या असतात, फायसा डावी. देवघरातला दक्षिणावर्ती शंखसुद्धा जीवशास्त्राच्या भाषेत डावाच, कारण आपण शंख चोच वर करून धरतो आणि ते टोक वर करून. उलटं धरलं की डावं उजवं होतं. म्हणजे या चर्टमध्ये सगळे ‘दक्षिणावर्ती’च बसलेत.

घासण्याची कृती लिहून घेतली. जाड काचेचा तुकडा, त्यावर पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड. आधी २२० नंबर, मग ४००, ६००, १०००. इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत प्रत्येक नंबरला वीस ते चाळीस मिनिटं, कारण चर्ट काचेपेक्षाही कठीण. शेवटी नमद्यावर सेरियम ऑक्साइडची ओली पेस्ट. बिघडतं ते नंबर बदलताना. २२० चा एक दाणा नखात राहिला तरी १००० वर खोल ओरखडा उठतो आणि पुन्हा मागे जावं लागतं. म्हणून दर वेळी हात, नखं, दगड, काच सगळं धुवायचं, आणि प्रत्येक नंबरला वेगळा टॉवेल. कोरडं कधीच घासायचं नाही; सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. उरलेला चिखल बेसिनमध्ये ओतला की नळीत सिमेंटसारखा बसतो, तो वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात टाकायचा.

त्यांच्याकडे कामठीच्या लाल वालुकाश्मातलं ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचं पानही आहे, जिभेच्या आकाराचं, मधल्या शिरेपासून जाळी पसरलेलं. दगड हाताला भुगा सोडतो. त्याला पॅरालॉइड बी-७२ या अॅक्रिलिक राळेचे ५ ग्रॅम दाणे ९५ ग्रॅम असिटोनमध्ये विरघळवून ब्रशने पाजलं आहे. दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून बाटलीत लोंबकळत ठेवावेत, तळाशी टाकले की गोळा होतो. पावसाळ्यात हे काम करू नये: असिटोन उडताना दगड गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि पानावर पांढरट साय धरते. धरलीच, तर कोरड्या दिवशी नुसत्या असिटोनचा हात फिरवला की निघते. सुतारकामाचा पांढरा गोंद मात्र पुन्हा काढता येत नाही.

दुपारी पनवेल गाडीने खारघर. तिसरं घर एका तरुण जोडप्याचं, आणि त्यांचा लाडका नमुना म्हणजे शेण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचा कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा, लहान बटाट्याएवढी, एका टोकाला चिमटलेली. पिसदुऱ्याच्या अशाच कोप्रोलाइटांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, याचा तो पुरावा ठरला. त्याआधी गवत नंतर आलं असंच मानत.

हा तुकडा एका महाविद्यालयाच्या जुन्या अध्यापन-संचातून त्यांच्याकडे आला, मूळ चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर बोरूने लिहिलंय ‘पिसदुरा, जि. चांदा’. जिल्ह्याचं नाव चांदा होतं तेव्हाची ती. नमुन्यापेक्षा ती चिठ्ठी जास्त जपलेली आहे, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात. डायनासोरची हाडं आणि अंडी ते विकत घेत नाहीत, कोणी दिली तरी नाही. बालासिनोर, अकल, घुघुआसारख्या संरक्षित ठिकाणांहून खडाही उचलत नाहीत. शेतात हाडासारखं काही दिसलं तर मोजपट्टी ठेवून फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला पत्र.

त्यांच्याकडे एक खण चुकलेल्या ओळखींचा आहे. आजूबाजूच्या डोंगरांवरून लोक हौसेने ‘नेच्याचा जीवाश्म’ आणून देतात, तो असतो मँगनीजचा वृक्षाकार डाग. त्याला मधली शीर नसते, फांद्या भेगेपासून फुटतात आणि भेग संपली की थांबतात. शेजारी मोरोक्कोचा म्हणून घेतलेला रेझिनचा ट्रायलोबाइट (नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी) आहे. भिंगाखाली बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि असिटोनचा बोळा लावला की कापसावर तपकिरी रंग. आणि स्टिल्बाइट-हेयुलँडाइटचे स्फटिकही आहेत, बेसाल्टच्या, म्हणजे इथल्या त्या काळ्या पाषाणाच्या, पोकळ्यांत वाढलेले. ते जीवाश्म नाहीत, पण इथल्या जमिनीचं खरं धन तेच.

नमुन्यावर क्रमांक कसा घालायचा, हे इथे पाहिलं ते सगळ्यात नीट. न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइडचा छोटा ठिपका, वाळल्यावर त्यावर पांढरा अॅक्रिलिक रंग, त्यावर बारीक निबने काळ्या चायनीज शाईत क्रमांक, वरून पुन्हा पॅरालॉइड. तोच क्रमांक वहीत: गाव, तालुका, थराचं नाव, तारीख, कोणाकडून आला. चिठ्ठी कधी हरवलीच तर दगडावरचा आकडा वहीकडे नेतो.

ज्यांचं गावच कळत नाही असे दहा-बारा अमोनाइट आणि लाकडाचे तुकडे दाराजवळच्या वेताच्या टोपलीत होते. त्यांना क्रमांक नाहीत. शेजारची मुलं येतात, ओल्या हातांनी उचलतात, कानाला लावून बघतात.